काकूंच्या रिपोर्टबद्दल

प्रिय अवधूत,

‘क्रिएटिनिन 1.1, नॉर्मल आलं, चिंता मिटली’ हा तुझा मेसेज वाचला आणि मला चैन पडेना. म्हणून सविस्तर लिहितोय.

क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ तयार होतो स्नायूंमध्ये आणि तो लघवीवाटे बाहेर टाकतात किडन्या. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. वय आणि स्त्री की पुरुष, हे धरून सूत्राने ईजीएफआर काढतात. किडन्या मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त गाळतात, त्याचा तो अंदाज. 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तुझं वय 42 आणि क्रिएटिनिन 1.1 घातलं तर उत्तर येतं 86. काकूंचं वय 70 आणि तेच 1.1 घातलं, तर 54! रिपोर्टवर मात्र दोघांच्याही आकड्यापुढे ‘नॉर्मल’च छापून येऊ शकतं.

आणि मला तर 54 सुद्धा जास्तच वाटतो. गणपतीत पाहिलं ना, काकूंच्या बांगड्या मनगटावरून पार कोपराकडे सरकतात. अंगावर मांसच उरलेलं नाही, जेवण शाकाहारी आणि तेही चिमणीएवढं. अशा माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, त्यामुळे किडनी आहे त्याहून बरी दिसते. डॉक्टरांना किडनीसाठीच्या सिस्टॅटिन सी या दुसऱ्या रक्ततपासणीबद्दल जरूर विचार. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, पण काकूंसाठी करण्यासारखी आहे.

लगेच घाबरूही नकोस. जुलाब झाले, पाणी कमी पडलं, तरी क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तरच त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. तेव्हा तपासणी पुन्हा कर, शक्यतो त्याच लॅबमध्ये. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तरही कर. काकूंना इतकी वर्षं शुगर आहे, ही तपासणी आधीच व्हायला हवी होती. ते 30 च्या वर आलं आणि तसंच राहिलं, तर ईजीएफआर चांगला असला तरी किडनीला इजा होते आहे असं समजायचं.

एक गोष्ट मात्र आजच कर. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या त्यांच्या डब्यातून काढून घे. असल्या वेदनाशामक गोळ्या किडनीला बाधू शकतात. दुखण्यावर दुसरं काय देता येईल ते डॉक्टर सांगतील. बीपीच्या गोळ्यांना मात्र हात लावू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीधर

ता. क. कपाटातल्या फायलीत जुने रिपोर्ट असतील. प्रत्येकावरची तारीख आणि क्रिएटिनिन एका कागदावर उतरवून मला पाठव. आकडा किती वेगाने चढतोय ते त्यावरूनच कळेल.