ती. अप्पांना, ब्रेकच्या कामाबद्दल

लॅन्सिंग, मिशिगन
12 जुलै 2025

ती. अप्पा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "ब्रेक स्वतः खोललेस? सोबत कोण होतं?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय आंब्याच्या लोणच्यावर गेला. तुमच्या आवाजातली काळजी मला कळली. वायपर बदलला किंवा बॅटरी बदलली म्हटलं असतं तर तुम्ही असं विचारलं नसतं. म्हणून सगळं काम पहिल्यापासून लिहिते आहे. विभागीय कार्यशाळेत गाडी बाहेर सोडायच्या आधी तुम्ही जसं एकेक काम विचारून घ्यायचात तसं हे वाचा, आणि काही राहिलं असेल तर लगेच कळवा.

ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक, कर्कश आवाज यायला लागला होता. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि आवाज करते, म्हणजे मालकाला कळावं. शिवाय हायवेवर वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचं. एका गॅरेजने पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्क मिळून साडेचारशे डॉलर सांगितले. सामान दीडशेच्या आत मिळतं, बाकी सगळी मजुरी. पैसे वाचले हे खरंच, पण मला ते काम कळून घ्यायचं होतं. मिशिगनमध्ये खासगी गाडीची ठरावीक मुदतीने तपासणी करायची सक्ती नाही. ब्रेक किती उरलेत हे मालकाने पाहिलं तर पाहिलं. आपल्याकडेही गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत पीयूसीपलीकडे कोण विचारतं?

सोबत कोण होतं, तर शेजारचे आजोबा. ते इथल्या मोटार कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते. हे शहरच मोटारींचं आहे. रॅन्सम ओल्ड्स यांनी 1897 मध्ये इथेच मोटारींची कंपनी काढली आणि तिच्यातून आलेला ओल्ड्समोबिल हा ब्रँड 2004 पर्यंत चालला. त्यामुळे शनिवारी गल्लीतून फिरलं तर कुणाच्या ना कुणाच्या दारात गाडी जॅकवर दिसतेच. आजोबांनी त्यांच्या घोड्या, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे टेकू, दिल्या, खुर्ची टाकून बसले आणि हात मात्र लावला नाही. मला तेच हवं होतं. दुरुस्तीचं मॅन्युअल सार्वजनिक वाचनालयातून आणलं. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, सुट्या भागांच्या दुकानातून अनामत भरून घेतला. परत केला की अनामत परत.

गाडी सपाट काँक्रीटवर लावली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावले. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅक, मग दोन्ही बाजूंना घोड्या, आणि गाडी हाताने हलवून पाहिली. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. तुम्ही लहानपणी आम्हाला सांगायचात की जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. अप्पा, मी एक क्षणही नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली गेले नाही.

एका वेळी एकच बाजू खोलली. दुसरी जशीच्या तशी ठेवली, म्हणजे कुठली क्लिप कुठे बसते याची शंका आली तर तिकडे जाऊन बघता येतं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर सुटल्यावर तो ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. तिथेच एक गोष्ट सापडली: आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला होता. म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक अडकत होती. नुसते पॅड बदलले असते तर नवेही असेच एकतर्फी गेले असते. दोन्ही पिना पुसून, त्यांच्या रबरी टोप्या तपासून, ब्रेकसाठीचं वेगळं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस त्या रबराला चालत नाही.

डिस्कवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्निअर लावून जाडी मोजली तर माझी त्याच्याही खाली गेली होती, आणि काठाला चांगली कड आली होती. तुम्ही म्हणाल लेथवर घासून घ्यायची. पण घासायला मुळात जाडी उरायला हवी, आणि इथे लेथची मजुरी आणि नवी डिस्क यात फारसा फरक राहत नाही.

आता खरं अवघड काम. डिस्कला कुठलाही बोल्ट नव्हता, तरी ती हबवरून, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागावरून, तसूभर हलेना. गंज! इथे थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, पोतीच्या पोती. डेट्रॉइट शहराच्या खाली जवळपास साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे, शंभरहून जास्त वर्षं जुनी, आणि रस्त्यावर टाकायचं मीठ तिथून निघतं. ते पाणी चार-पाच महिने गाडीच्या पोटाला लागत राहतं. रत्नागिरीच्या मामांच्या जीपचा पत्रा जसा खाऱ्या वाऱ्याने पोखरला तसंच इथे होतं, फक्त खालून वर. मी हबच्या कडेने गंज सोडवायचं तेल मारून थांबले. हातोडी घेणारच होते, तर आजोबांनी डिस्कवरच्या दोन रिकाम्या भोकांकडे बोट दाखवलं. त्यांना आतून आटे असतात. त्यात आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की बोल्टची टोकं हबला टेकतात आणि डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. मोठा टण् आवाज झाला आणि सुटली. ज्याने ही भोकं ठेवली त्याला पुढे गाडी खोलणाऱ्याची आठवण होती. मला फार बरं वाटलं.

मग हबचा डिस्क टेकते तो पृष्ठभाग तारेच्या ब्रशने अगदी चकचकीत होईपर्यंत घासला. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही किंचित तिरकी बसते आणि काही महिन्यांनी पुन्हा थरथर सुरू. ब्रेकची धूळ फुंकली नाही, ब्रेक क्लीनरचा फवारा मारून ओलीच पुसली, आणि तोंडाला मास्क होता. तुमच्या काळी ब्रेकच्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असं अॅस्बेस्टॉस असायचं आणि तुम्ही सगळे हवेच्या पाइपने ड्रम साफ करायचात, ते आठवून मला अजून काळजी वाटते. छातीची तपासणी या वर्षी करून घ्या, टाळू नका.

नवे पॅड जाड असतात, म्हणून कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन आत ढकलावा लागतो. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून, जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबला. टाकीतलं ऑइल वर येतं तिकडे लक्ष ठेवलं, कारण ते सांडलं तर रंग खातं. नव्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून तेलाचा थर असतो, तोही क्लीनरने पुसून काढला. पुढचं बसवणं सोपं होतं. कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यांनी आवळले, आणि चाकाचे नट समोरासमोर, आलटून पालटून, 103 न्यूटन मीटरला. पान्यावर पाय देऊन उभं राहायची गरज लागली नाही.

सगळं झाल्यावर गाडी सुरू करायच्या आधी पॅडल दाबत राहिले. पहिल्यांदा ते थेट तळाला जातं, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत परत यायला वेळ लागतो. हे माहीत नसताना कुणी गाडी रिव्हर्स काढली तर ती थांबणार नाही. पॅडल कडक झालं, ऑइलची पातळी पाहिली, मग आधी दारातच पुढे-मागे करून रिकाम्या रस्त्यावर नेली. ताशी पन्नास किलोमीटरवरून दहापर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं मोकळं चालवून पुन्हा. असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासले. थरथर गेली, आवाज गेला.

आता माझी काळजी. ऑगस्टच्या शेवटी गणपतीला दादा वॅगनआर घेऊन आंबा घाटाने उतरणार. माणसं आणि सामान धरून गाडी तेराशे किलोची होईल. ती सपाटीवर ताशी शंभरवरून थांबवली तर ब्रेकमध्ये इतकी उष्णता होते की दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. तीच गाडी नुसत्या ब्रेकवर पाचशे मीटर खाली उतरवली तर त्याच्या बारापट. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवली तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. हे तुम्ही दादाला हजारदा सांगितलंय, पण तो उतारावर न्यूट्रल करतो हे मी स्वतः पाहिलंय. एकदा अजून सांगा.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रकारचं ऑइल नवं असताना कमीत कमी 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही हमी 140 वर येते. घाटात ते उकळलं तर पाइपात वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल सरळ खाली जातं. आपल्या गाडीचं ऑइल शेवटचं कधी बदललं? दादाला आठवत नसेल तर बदलूनच टाका. पुढचे पॅड चाक काढून बघायला सांगा, आतला आणि बाहेरचा दोन्ही. तीन मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर घाटाआधीच बदला. पैसे मी पाठवते, त्यावरून वाद नको.

माझ्या गाडीला मागे अजून ड्रम ब्रेकच आहेत. ऑक्टोबरमध्ये, थंडी पडायच्या आधी, ते खोलायचे आहेत. त्यातल्या स्प्रिंगांबद्दल मॅन्युअलमध्ये चित्र आहे, पण लायनर बसवताना आधी वरची स्प्रिंग ओढायची की खालची अडकवून मग वर जायचं, हे चित्रावरून कळत नाही. तुम्ही हे काम डोळे मिटून केलंय. वहीच्या पानावर काढून दादाकरवी फोटो पाठवा. हाताने काढलेलंच पाठवा, बाण दाखवून. जुळवणीच्या चाकीला किती दाते फिरवायचे तेही लिहा.

आईला सांगा, लोणच्याची बरणी पोचली. वहिनीला नमस्कार आणि छोट्याला आशीर्वाद. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
मनू