आग म्हणजे नुसती युक्ती नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ आर्टवरचा, म्हणजे व्हिडिओ हेच माध्यम धरून केलेल्या कलेवरचा, लेख वाचला. त्यात एक वाक्य होतं की पडद्यावर आग दिसली की बघणारा थांबतोच, म्हणून हे कलाकार आग वापरतात. बावीस वर्षं एडिटिंग करतोय, ते वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो.

गाण्यांच्या व्हिडिओत मागे स्टॉकमधल्या, म्हणजे आधीच शूट करून तयार मिळणाऱ्या, ज्वाळा चिकटवतात ती युक्तीच असते, मीही चिकटवल्यात, त्यावर वाद नाही. पण आगीवर लिहायचं आणि बिल व्हायोलाचं नावही घ्यायचं नाही, हे मला पटलं नाही. हा अमेरिकन कलाकार २०२४ च्या जुलैमध्ये गेला, आयुष्यभर पाणी आणि आग घेऊन काम केलं. त्याचं १९९६ चं 'द क्रॉसिंग' बघा. अंधारातून एक माणूस लांबून सावकाश चालत येतो, समोर येऊन थांबतो, पायाशी एवढीशी ज्योत पेटते आणि वर चढत चढत त्याला पूर्ण झाकून टाकते, आग विझते तेव्हा तिथे कोणीच नसतं. पडद्याच्या मागच्या बाजूला त्याच वेळी तो वरून कोसळणाऱ्या पाण्यात नाहीसा होत असतो, म्हणजे एका जागी उभं राहून अर्धंच दिसतं, दुसरं बघायला तुम्हाला चालत जावं लागतं.

हे सगळं हाय-स्पीड फिल्मवर, म्हणजे सेकंदाला नेहमीपेक्षा खूप जास्त फ्रेम्स (चित्रं) घेऊन, शूट करून स्लो केलंय आणि खरी गंमत तिथेच आहे. गेल्या होळीला मी मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेम्सने आग शूट केली आणि २४ ने लावून बघितली, एका सेकंदाचे दहा झाले. गोवऱ्यांवरून ज्वाळा उठते, मधेच बारीक होते, शेंडा तुटून सुटा होतो, क्षणभर हवेत तरंगतो आणि मग विझतो. इतक्या वर्षांच्या होळ्या बघितल्या पण हे कधी दिसलंच नव्हतं! आपण ज्याला भडका म्हणतो तो असा तुकड्यातुकड्यांचा असतो, आणि व्हायोला तेच दाखवत होता, घाबरवण्यासाठी नाही तर डोळ्याला वेळ मिळावा म्हणून.

२०१९ ला मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये व्हायोलाचं 'मार्टर्स' (हुतात्मे) बघितलं, २०१४ मध्ये लावलेलं. चार उभे स्क्रीन, माती, वारा, आग, पाणी, प्रत्येकात एक माणूस. आगीच्या स्क्रीनवर एक माणूस खुर्चीत बसलाय आणि वरून ठिणग्या, मग पेटते थेंब, मग लोळच्या लोळ पडतात, तो हलत नाही. आवाज अजिबात नाही. जेमतेम सात मिनिटांचं काम, माझ्या शेजारी एक आजीबाई काठी धरून पूर्ण वेळ उभ्या होत्या, खुर्ची होती तरी बसल्या नाहीत. आग बघून लोक थांबतात हे लेखकाचं खरंच आहे, पण भडका तर एका मिनिटात बघून होतो, बाकीची सहा मिनिटं त्या कशासाठी थांबल्या हे लेखात यायला हवं होतं.

पुरवणीत व्हायोलावर एक पूर्ण पान करा अशी मनापासून विनंती आहे, आणि फोटो छापताना एकच भडकलेली फ्रेम नको, ज्योत पायाशी असतानाची, आगीने झाकल्यावरची आणि रिकाम्या जागेची अशा तिन्ही एकाखाली एक छापा.

आपला,
एक व्हिडिओ एडिटर, पुणे