दाबलेल्या पानातला पतंग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पाकीट पोहोचले. खोडावर बसलेल्या पतंगाची तीन छायाचित्रे आणि कागदाच्या घडीत जपून ठेवलेले हॉर्स चेस्टनट या झाडाचे पान मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिले. ‘हा कोण?’ एवढाच तुझा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येते: हा कॅमेरारिया ओहरिडेला, हॉर्स चेस्टनटची पाने पोखरणारा पतंग. पण हा मूळचा कुठला, या तू न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला फार काळ जावा लागला आणि ती हकीकत मला तुला सांगायचीच आहे.

आधी ओळख पटवून देतो. अंगाची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर, पंख पसरले तर सात-आठ मिलिमीटर. पुढच्या पंखांचा रंग तांबूस तपकिरी असून त्याला धातूसारखी झळाळी आहे. पंखाच्या बुडाशी एक पांढरी उभी रेघ आणि तिच्यापुढे काळ्या कडेचे पांढरे आडवे पट्टे आहेत. मागचे पंख करडे, अरुंद आणि लांब केसांच्या झालरीचे. पायांवरही काळे-पांढरे पट्टे दिसतात. वसंतात पहिल्या पिढीचे पतंग सकाळच्या वेळी खोडावर मोठ्या संख्येने बसलेले आढळतात. तुला ते नेमके तिथेच दिसले, हीदेखील ओळखीची एक खूणच समज.

तरीही केवळ छायाचित्रावरून मी इतक्या ठामपणे नाव लिहिले नसते. ग्रॅसिलॅरिडी या कुळात असे झळाळत्या पट्ट्यांचे इवले पतंग पुष्कळ आहेत आणि त्यांतील जवळच्या जाती वेगळ्या करण्यासाठी अनेकदा जननेंद्रियांचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. इथे मला आधार दिला तो पानाने. आपल्याकडे लिंबाच्या पानावर जी नागअळी पडते, ती याच कुळातली. तिची वाट नावाप्रमाणेच नागमोडी आणि चंदेरी असते. तुझ्या पानावर मात्र वाट नाही, पोकळी आहे. मादी पानाच्या वरच्या बाजूला, शिरांलगत एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली चपटी अळी थेट पानाच्या आत शिरते, सुरुवातीला नुसता रस पिते आणि पुढे वरच्या त्वचेखालची उती खात जाते. त्यामुळे दोन शिरांच्या मध्ये तपकिरी, लांबट डाग पडतो. असेच तपकिरी डाग याच झाडावर एका बुरशीमुळेही पडतात आणि प्रथमदर्शनी मलाही तीच शंका आली होती. परंतु बुरशीच्या डागाला पिवळी किनार असते आणि त्यातून उजेड आरपार येत नाही. तुझे पान खिडकीशी धरताच डाग उजळला आणि आत विष्ठेचे काळे कण व मेलेली अळी स्वच्छ दिसली. तेव्हा शंका उरली नाही.

आता नाव. मॅसिडोनियातील ओहरिड सरोवराजवळ १९८४ साली हा पतंग प्रथम लक्षात आला आणि १९८६ साली देश्का व दिमिच यांनी नवी जात म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘ओहरिड’ला जोडलेला ‘एला’ हा प्रत्यय सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने इवल्या पतंगांच्या नावांसाठी रूढ केलेला आहे. वर्णन झाले, नाव मिळाले, पण घर मिळाले नाही. कॅमेरारिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा हा गट, त्यापूर्वी युरोपात कोणालाच माहीत नव्हती. तिच्या बहुतेक जाती उत्तर अमेरिकेतल्या. म्हणून कोणी म्हणे हा अमेरिकेतून आला, कोणी म्हणे आशियातून. दरम्यान तो पसरत राहिला. १९८९ साली ऑस्ट्रियात लिंझजवळ दिसला आणि तेथून वर्षाला सुमारे साठ किलोमीटर या वेगाने मध्य युरोप व्यापत २००२ साली लंडनमधील विम्बल्डनला पोहोचला. एवढ्याशा पंखांना हे अंतर आपल्या बळावर झेपणारे नव्हे. वाहनांनी त्याला पुढे नेले. कोष गळलेल्या पानांतच हिवाळा काढतात आणि कडाक्याची थंडीही सोसतात, म्हणून जिथे पाचोळा राहतो तिथे पुढच्या वसंतात पतंग असतोच. आज त्याचा प्रदेश जवळजवळ सगळा युरोप आहे.

उत्तर मिळाले ते वनस्पतींच्या जुन्या संग्रहांत. या झाडाच्याही मुळाबद्दल युरोपात दीर्घकाळ गैरसमज होता. फ्रेंच भाषेत त्याला आजही ‘भारतीय चेस्टनट’ अशा अर्थाचे नाव आहे, वास्तविक ते झाड आग्नेय युरोपातल्या बाल्कनच्या डोंगरदऱ्यांतले. (खरा भारतीय भाऊबंद हिमालयात आहे आणि त्याच्यावर ही अळी फारशी तग धरत नाही.) थिओडोर फॉन हेल्ड्राइख या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली हॉर्स चेस्टनटच्या मायभूमीवर लिहिले आणि त्याच वर्षी ग्रीसमध्ये त्याची पाने गोळा करून, दाबून, तारीख व ठिकाण लिहून ठेवली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या पानांतील पोकळ्या तपासल्या, तेव्हा आत याच पतंगाच्या चपट्या, वाळलेल्या अळ्या मिळाल्या आणि त्यांच्या डीएनएवरून ओळख पक्की झाली. म्हणजे वर्णनाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी हा पतंग ग्रीसमध्ये होता. बाल्कनमधील नैसर्गिक झाडांवरच्या पतंगांत आनुवंशिक विविधता भरपूर आढळते, तर उरलेल्या युरोपात तिचा थोडासाच अंश पोहोचलेला आहे. मूळ घर कुठले, हे यावरूनही स्पष्ट होते.

हेल्ड्राइख झाडाचे घर शोधत होता आणि त्याच्याच हातातल्या पानांत पतंगाचे घर दाबले गेले, हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. त्या पानांसोबत चिठ्ठी नसती, तर त्या अळ्यांवरून जातीचे नाव तेवढे कळले असते. त्या केव्हाच्या आणि कुठल्या, हे कधीच कळले नसते.

म्हणूनच तुझ्यावर थोडा रागावलो आहे. तुझ्या पाकिटात पान आहे, छायाचित्रे आहेत, पण पान कोणत्या दिवशी आणि कोणत्या झाडाचे तोडलेस, हे कुठेही लिहिलेले नाही. पत्रात नुसते ‘गेल्या आठवड्यात’ असे आहे. उलट टपाली तारीख, ठिकाण, झाड बागेतले की रस्त्याकडेचे आणि पान जमिनीपासून किती उंचीवरचे, एवढे कळव. मी चिठ्ठी तयार ठेवली आहे. तुझे उत्तर येईपर्यंत ती कोरीच राहील. जमल्यास शरदात, पाने गळण्यापूर्वी, त्याच झाडाची आणखी दोन-तीन पाने दाबून ठेव. या पतंगाच्या बहुधा वर्षाला तीन पिढ्या होतात, तेव्हा त्या पानांत तुला आतापेक्षा कितीतरी अधिक पोकळ्या दिसतील.

तुझा,
जिवलग मित्र