बियाणं आहे, बांध राखा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हवामान बदल आणि अन्नसुरक्षेवरचं आपल्या अंकातलं लिखाण मी नेमाने वाचते. त्यात खारजमिनीचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातजमिनीचं, नाव क्वचितच दिसतं, म्हणून हे पत्र.

मी बेलापूर गावात राहते. आमची इथली भातशेती सिडकोच्या संपादनात गेली. उरली ती आईकडून आलेली उरण तालुक्यातली दीड एकर खार. गेल्या भाद्रपदात पुनवेच्या उधाणाला बाहेरचा बांध फुटून खांड पडली. भात फुलोऱ्यात होतं आणि खाडीचं पाणी चार दिवस शेतात उभं राहिलं. पीक गेलं ते गेलंच, पण होळीनंतर पाहिलं तर जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा. हे मीठ धुवायला पावसाळेच्या पावसाळे जातात, तेही उघाडी, म्हणजे बांधातलं झडपेचं दार, धड असेल तर. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जावं आणि भरतीला झडप मिटावी, एवढंच तिचं काम.

आई राता नावाचं भात पेरायची. मोड आलेलं भात चिखलात फेकून रहू टाकायची. लाल तांदूळ, पण खाऱ्यात तग धरणारा. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ हे क्षार सोसणारे वाण दिले. बियाणं आहे, हे मोठंच काम झालं. पण सोसणारं भात म्हणजे समुद्रात उगवणारं भात नव्हे. कोवळं रोप आणि फुलोरा, या दोन वेळा त्याला खारटपणा झेपत नाही. आता पावसात मोठा खंड पडला की खालचं मीठ वर येतं, त्यात समुद्राची पातळी वाढते आहे.

तिवरांबद्दल, म्हणजे खारफुटीबद्दल, माझी तक्रार नाही. बांधाबाहेर ती हवीतच. लाटांचा मार तीच झेलतात आणि हवेतला कार्बन चिखलात धरून ठेवतात. पण खांड तशीच राहिली तर तिवरं शेतात रुजतात. मग ती तोडता येत नाहीत, तोडूही नयेत, आणि भाताची जमीन कायमची जाते.

पूर्वी गावकी मिळून बांधावर माती टाकायची. १९७९ च्या खारजमीन विकास कायद्यानंतर योजनेतले बांध शासनाकडे आले. आमच्या खांडीची पाहणी दिवाळीत झाली, फोटो निघाले, माती अजून पडलेली नाही. संबंधितांना कळकळीची विनंती, हे काम मे संपायच्या आत करा. पावसात टाकलेली ओली चिकणमाती पहिल्याच उधाणात वाहून जाते.

आपली,
एक खारशेतकरी
बेलापूर गाव, नवी मुंबई