लसीच्या शब्दांचे पूर्वायुष्य

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

लसीकरणावरील पुस्तिकेसाठी तू केलेली शब्दसूची वाचली. अर्थ नेमके आहेत. मात्र यांतले बहुतेक शब्द दुसऱ्याच कामासाठी घडलेले आणि मागाहून वैद्यकात आलेले आहेत, आणि त्यांचे ते पूर्वायुष्य वाचकाला थोडे तरी कळावे असे मला वाटते.

‘व्हॅक्सिन’च्या मुळाशी गाय आहे, लॅटिनमध्ये तिला ‘वाक्का’ म्हणतात. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये एका गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या रोगाच्या, फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला आणि १७९८ च्या आपल्या पुस्तिकेत त्या रोगाला ‘गाईची देवी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. म्हणजे आरंभी हा शब्द देवीपुरताच होता. कोंबड्यांचा कॉलरा आणि काळपुळी यांवरील संशोधनानंतर लुई पाश्चरने १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत, जेन्नरच्या सन्मानार्थ तो सर्वच प्रतिबंधक लसींना लावावा, असे सुचवले.

त्याआधीचा ‘इनॉक्युलेशन’ हा शब्द बागेतून आलेला आहे. ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा, आणि झाडाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणे हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडचे कलम करणारेही ‘डोळा भरणे’ असेच म्हणतात. जेन्नरपूर्वी खऱ्या देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालत, तेव्हा हा शब्द त्या कृतीला अगदी चपखल बसत असे. त्या उपायाने काही माणसे दगावत आणि रोग इतरांनाही लागत असे.

आपला ‘लस’ हा शब्द मला या सर्वांत प्रामाणिक वाटतो. जखमेतून वा फोडातून पाझरणारा चिकट द्रव म्हणजे लस. ‘लसीका’ (शरीरातला लिंफ हा द्रव) या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. १८०२ मध्ये गोदेवीची लस बसऱ्याहून मुंबईस पोहोचली तीही एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर अशी, त्यामुळे जे डोळ्यांना दिसत होते त्याचेच नाव औषधाला मिळाले. आज कुपीतल्या पारदर्शक द्रवाला किंवा तोंडावाटे दिलेल्या पोलिओच्या थेंबांनाही आपण लसच म्हणतो, चिकटपणा उरला नसला तरी. ‘देवी काढणे’ हा प्रयोगही सूचीत हवा. टोचून आत घालण्याच्या क्रियेला ‘काढणे’ म्हणणे वरवर उलटे वाटते. पण चित्र काढतो तसे, त्वचेवर फोड उमटवणे या अर्थाने तो घेतला तर सरळ लागतो, असे आपले माझे मत.

‘व्हायरस’ आणि आपले ‘विष’ एकाच मुळाचे असल्याने ‘विषाणू’बद्दल तक्रार नाही.

खरी अडचण ‘इम्युनिटी’ची आहे. रोमन कायद्यात ‘इम्युनिस’ म्हणजे कर किंवा सार्वजनिक सेवेच्या बंधनातून सूट मिळालेला. राजदूतांना कायद्यापासून मिळते ती सवलत याच अर्थाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द वैद्यकात रुळला, तेव्हा त्याचा आशय एवढाच होता की अमुक माणसाला अमुक रोगापासून सूट आहे. मराठीत मात्र आपण ‘प्रतिकारशक्ती’ म्हणतो, आणि ‘शक्ती’ म्हटली की ती कमी-जास्त होते, काही खाल्ल्याने वाढते, एकदा वाढली की सगळ्याच रोगांना पुरते, असे वाटू लागते. लसीने मिळणारे संरक्षण तसे नसते. शरीरातील विशिष्ट पेशी त्या एका रोगजंतूची ओळख जपून ठेवतात. म्हणूनच गोदेवी देवीपासून वाचवते, कारण दोघींचे विषाणू जवळचे नातलग आहेत, पण गोवरापुढे तिचा उपयोग नाही.

‘प्रतिकारशक्ती’ आता इतकी रुळली आहे की ती काढून टाकावी असे मी म्हणणार नाही. निदान पहिल्यांदा येईल तिथे ‘त्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती’ असे पूर्ण लिही, आणि ‘वर्धक मात्रा’ (बूस्टर डोस) या शब्दाचे स्पष्टीकरणही शक्ती वाढवणे असे न देता ओळख ताजी करणे असे दे. दुरुस्त मसुदा पाठव, वाचून लगेच कळवतो.

तुझा,
अनंत