सुनीला, शुक्रवारच्या आत

प्रिय सुनीता,

दिवाळीपासून तुला धड एक फोन नाही माझा. तुझे तीन व्हॉइस मेसेज आले, तिन्ही ऐकले, एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र आधी पूर्ण वाच. गुडघा बरा आहे, प्रेशरची गोळी चालू आहे, सासरे ठणठणीत. झालं तब्येतीचं.

इथे अमेरिकेत आमच्या कॉलेजच्या खेळविभागाच्या प्रमुख मॅडमना दुसऱ्या मोठ्या कॉलेजने नेलं. हंगाम अर्धा असताना. आणि सोमवारी कॉलेजच्या प्रेसिडेंटनी मला बोलावून विचारलं की जूनपर्यंत अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचं, म्हणजे मॅडमचं, काम तू बघशील का. म्हणजे प्रभारी. हा शब्द तुझ्याइतका कोणाला कळणार, चार वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून सह्या करतेयस आणि पगार अजून पीटीच्या बाईचाच.

नवरा म्हणाला, अरे वा, पार्टी! मी रात्रभर जागी. आणि सुने, मला सारखा तो 96 सालचा जिमखाना आठवत होता. भिंतीवरची खो-खोच्या टीमची यादी, तिच्यावर माझं नाव कॅप्टन म्हणून, आणि तू यादी वाचून काही न बोलता बूट हातात घेऊन अनवाणी निघून गेलीस ते. आठ महिने बोलली नाहीस माझ्याशी. विद्यापीठ झोनलला मला खो दिलास तोसुद्धा पाठीत बुक्की मारल्यासारखा, अजून आठवलं की पाठ दुखते (हस आता).

थांब, नीट सांगते. मागे फोनवर सांगितलं होतं ना, आमचं कॉलेज हे एचबीसीयू, म्हणजे गोऱ्यांच्या कॉलेजांत ब्लॅक पोरापोरींना घेत नव्हते त्या काळात त्यांच्यासाठी निघालेलं. अशी शंभरेक आहेत देशात. खेळायलाही कोणी घेईना म्हणून 1912 साली हॅम्प्टनला जमून यांनी स्वतःची कॉन्फरन्स, म्हणजे आपापसांत सामने भरवणारी कॉलेजांची संघटना काढली, सीआयएए, तिच्या नावात 1950 पर्यंत 'कलर्ड' शब्द होता. आम्ही त्यातलेच. आणि या कॉन्फरन्सला पहिली बाई कमिशनर, म्हणजे प्रमुख, मिळाली कधी, तर 2012 साली. शंभर वर्षं गेली मधे! जॅकी मॅकविल्यम्स. ती स्वतः हॅम्प्टनची खेळाडू, बास्केटबॉल पण आणि व्हॉलीबॉल पण, 1988 ला हॅम्प्टनच्या पोरींनी बास्केटबॉलची डिव्हिजन 2 ची, म्हणजे दुसऱ्या पातळीची, नॅशनल जिंकली त्या टीममधली. दर फेब्रुवारीत आमची बास्केटबॉल टूर्नामेंट असते, आपल्या जत्रेसारखी, माजी विद्यार्थी कुठून कुठून येतात, बायका काय नटतात गं, टोप्या बघत बसावं. पंधरा वर्षं ती टूर्नामेंट शार्लटला होती, घट्ट बसलेली गोष्ट, ती जॅकीच्या कारकिर्दीत उचलून बाल्टिमोरला नेली. पहिल्याच वर्षी, 2021 ला, कोविडने घोळ घातला आणि 2022 ला खरी तिथे भरली. लोक काय काय बोलले असतील विचार कर. गेल्या आठवड्यात बाल्टिमोरला तिला दुरून पाहिलं आणि वाटलं की या खुर्चीवर बसायला ही खेळूनच आली आहे, कोणी आणून बसवलेली नाही.

आणि अशा आणखी आहेत. किकी बेकर बार्न्स, कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवल्यावर दुसऱ्याच वर्षी, 2006 ला, डिलर्ड युनिव्हर्सिटीचा सगळा खेळविभाग हातात घेतला तिने. पुढे 2022 ला त्यांच्या अख्ख्या कॉन्फरन्सची कमिशनर. सोन्या स्टिल्स, त्याच वर्षी एमईएसी या अशाच आणखी एका कॉन्फरन्सची कमिशनर झाली, आदल्या वर्षी तीन कॉलेजं एकदम सोडून गेलेली, आठ उरलेली. सगळं भरभरून चाललेलं असताना बायकांना कोण बोलावतं? माझं स्पष्ट मत आहे की घर गळायला लागलं की मगच किल्ल्या बाईच्या हातात देतात, आणि तरी या बायका ते घर शाकारून दाखवतात. तुझी शाळा घे. छत गळत होतं तेव्हाच प्रभारी केलं ना तुला?

टेरेसा फिलिप्सचं तर तुला सांगायलाच हवं. टेनेसी स्टेट, नॅशव्हिल. आधी तिथेच मुलींच्या टीमची कोच, 2002 पासून अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. 2003 च्या फेब्रुवारीत मुलांच्या बास्केटबॉलचा कोच सोडून गेलेला, त्याच्या जागी आणलेला मॅचमधल्या मारामारीमुळे एका सामन्यासाठी सस्पेंड. मग ही स्वतः उभी राहिली बेंचपाशी. डिव्हिजन 1 ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, मुलांच्या टीमची हेड कोच म्हणून उभी राहणारी पहिली बाई, अख्ख्या अमेरिकेत! 71-56 ने हरले. पण ती दुसऱ्या दिवशी आपल्या ऑफिसात परत गेली, कारण खुर्ची तिची आधीपासून होतीच, ती फक्त एका संध्याकाळपुरती दुसऱ्या रिकाम्या जागेवर उभी राहिली होती. 2020 पर्यंत डायरेक्टर होती.

माझं तसं आहे का? तिथेच माझी गाडी अडते.

कारण माझ्या शेजारच्या खोलीत डी बसते. नाव लिहीत नाही, डी म्हणते. याच कॉलेजची पोरगी, इथेच सॉफ्टबॉल खेळली, चौदा वर्षं असोसिएट डायरेक्टर. तिची आई इथली, मावशी इथली. मी आले तेव्हा मला काही येत नव्हतं, कोल्हापूरचं एमपीएड दाखवलं तर लोक कागद उलटा धरून बघायचे, या कॉलेजने मला कामाला ठेवलं आणि डीने शेजारी बसवून शिकवलं. कोणत्या पोराचे किती क्रेडिट झाले की तो खेळू शकतो, कुठला फॉर्म चुकला की अख्खी मॅच रद्द धरतात, सगळं. आमच्या डिव्हिजनला फुटबॉलसाठी जास्तीत जास्त 36 पूर्ण स्कॉलरशिपा, टीममध्ये पोरं नव्वद, आणि आम्हाला त्या 36 पण परवडत नाहीत, मग प्रत्येकाला तुकडा तुकडा कसा वाटायचा ते डीला तोंडपाठ. कोणाची आजी आजारी आहे, कोणाला पुस्तकांचे पैसे कमी पडतात, हे कुठल्या फाइलमध्ये नसतं, ते हिच्या डोक्यात असतं.

मग तिला का नाही विचारलं? मी विचारलं प्रेसिडेंटना. म्हणाले, तिचे काही लोकांशी खटके उडालेत. (उडालेत खरे. मुलींच्या टीमला सकाळी सहाची जिम आणि मुलांना दुपारची, यावरून. ती बरोबर होती.) आणि मग म्हणाले, तुझं तसं नाही, तू सगळ्यांना चालतेस.

सुने, माझ्या अंगावर काटा आला. सरांचा हाच शब्द होता. "सुनीता खेळते चांगली, पण वैशाली सगळ्यांना चालते." तुझं काय चालत नव्हतं ते तुलाही माहीत होतं, मलाही, सरांनाही, आणि तिघांपैकी कोणी ते आडनाव तोंडाने उच्चारलं नाही. तू पोलवर सूर मारायचीस तशी पूर्ण जिल्ह्यात कोणी मारत नव्हतं. आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं, कॅप्टन झाले, आईने शिरा केला. तो शिरा मी खाल्ला. इतक्या वर्षांत हे तुला कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

काल संध्याकाळी डी लाँड्रीच्या खोलीत होती. व्हॉलीबॉलच्या जर्सी ड्रायरमधून काढून नंबरवार घडी घालत होती. हे तिचं काम नाही, पण स्टुडंट वर्कर आला नव्हता. मी जाऊन समोर बसले आणि घड्या घालायला लागले. तिला कळलेलं होतं, कॉलेज केवढं ते, भिंतींना कान. दहापंधरा मिनिटं दोघी गप्प. मग तिने एक जर्सी माझ्यापुढे धरली, म्हणाली, "सातची शिवण उसवलीय, शनिवारच्या आत बघ." बघ म्हणाली. बघू या नाही, बघ. मी जर्सी घरी आणली, रात्री दोरा ओवून टाके घातले. तुझ्या शॉर्ट्सला घालायचे तसेच दुहेरी.

आता नवरा म्हणतो, तू नाही म्हटलंस तर ते बाहेरून एखादा बाप्या आणतील, डीला तरी कुठे मिळणार आहे. बरोबर असेल त्याचं. मी हो म्हणून जूनपर्यंत डीची वाट मोकळी करू शकते का? की हो म्हणणं म्हणजेच पुन्हा शिरा खाणं? नाही म्हणायचं तर नुसतं नाही म्हणू, की प्रेसिडेंटसमोर डीचं नाव घेऊन म्हणू, आणि तसं म्हटलं तर तिला आवडेल का, की वाटेल ही कोण मला देणारी? बघ, तेच तेच फिरतेय, चौकोनात बसून राहिल्यासारखी, कोणीतरी खो दिल्याशिवाय उठता येत नाही.

तुझं कसं चाललंय गं? मान्यतेच्या फाइलचं काय झालं, पुण्याला गेलीस का? तुझ्या अण्णांची स्कूटर अजून ढकलून सुरू करावी लागते का? प्राचीला बारावीला शुभेच्छा सांग, तिला म्हणावं मावशी भडंग संपल्याने सुकलीय. पेठेतल्याच दुकानातलं पाठव, ते दुसरं तिखट नुसतं.

शुक्रवारी दुपारी मला उत्तर द्यायचंय. त्याआधी एकदा फोन कर. इथे रात्रीचे दहा म्हणजे तुझ्याकडे सकाळचे साडेआठ, शाळेत जायच्या आधी. फक्त एकच सांग, आणि खरं सांग, माझं वाईट वाटेल म्हणून सांभाळून घेऊ नकोस. 96 ला मी सरांसमोर तुझं नाव घेऊन नाही म्हटलं असतं, तर तुला ते हवं होतं का?

तुझी,
वैशी

ता.क. सातची जर्सी शिवून झाली. मापाला अजून अंगाला लावून बघितली नाही.