येरळवाडीचे पाहुणे

महोदय,

थंडी पडली की आमच्या खटाव तालुक्यात लांबचे पाहुणे येतात. परवा भल्या सकाळी येरळवाडी तलावावर गेलो, तर पलीकडच्या काठाला पट्टकदंब हंस! पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आपल्या माणदेशी रानाकडेला गवत खुडताना पाहून ऊर भरून येतो. पावसाच्या तोंडाला चातक, नवरंग यांची वाट पाहण्यातही तेवढीच गोडी. फ्लेमिंगोंचा मात्र भरवसा नसतो. उथळ पाणी मिळालं तरच उतरतात. आमच्याच तालुक्यातल्या मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तरी फोटोसाठी थव्याच्या अंगावर धावणारे दिसतात. कृपा करून लांबूनच पाहा, पाखरांना निवांत चरू द्या.

– एक पक्षीप्रेमी, वडूज (जि. सातारा)